मनाचा पत्ता: पोट, पाय आणि ८.२२ची लोकल

‘मनाला लावून घेऊ नकोस,’ असं आपण एकमेकांना सहज सांगतो. जणू मन ही कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलेली वस्तू आहे, हात वर केला की खाली घेता येईल. गेल्या साठ-सत्तर वर्षांत शास्त्रज्ञांनी या मनाचा माग काढला, तेव्हा ते भलत्याच ठिकाणी सापडत गेलं. दुपारच्या चहात, जेवणाच्या ताटात, दाराशी काढलेल्या चपलांत, शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईत. त्यातले मला फार आवडलेले काही शोध इथं मांडते आहे.

गुहेत हरवलेले २५ दिवस

१९६२च्या जुलै महिन्यात मिशेल सिफ्र हा २३ वर्षांचा फ्रेंच भूवैज्ञानिक आल्प्समधल्या एका गुहेत उतरला. सोबत घड्याळ नाही, ऊन पाहायची सोय नाही. झोपताना, उठताना, जेवताना तो वरच्या मंडळींना फोन करायचा, पण त्यांनी त्याला वेळ सांगायची नाही असं ठरलेलं. १४ सप्टेंबरला त्याला ‘झालं, ये बाहेर’ म्हणून सांगितलं, तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्ट चालू होता. सेकंदाला एक या गतीनं १२० आकडे मोज म्हटलं, तर त्याला पाच मिनिटं लागत होती!

मनाचा हिशेब असा पार कोलमडला, पण शरीर मात्र साडेचोवीस तासांच्या आसपास फेरी धरून झोपत-उठत होतं. आत घड्याळ आहे, हे असं कळलं. झाडांमधलं घड्याळ तर १७२९मध्येच दिसलं होतं. द मेराँ नावाच्या फ्रेंच विद्वानानं लाजाळूच्या जातीचं रोप अंधारात ठेवलं आणि ऊन नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत नि रात्री मिटत राहिली. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, हे उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७चं नोबेल मिळालं.

या घड्याळाला रोज चावी द्यावी लागते, आणि ती चावी म्हणजे सकाळचा उजेड. ट्यूबलाइट लावलेली खोली आपल्याला लख्ख वाटते, पण तिथला उजेड साधारण १०० ते ५०० लक्स असतो. बाहेर उघड्यावर १० हजारांच्या पुढे, आणि भर उन्हात लाखभर. आपल्याला हा फरक तितका जाणवत नाही, कारण डोळे लगेच जुळवून घेतात. डोळ्याच्या पडद्यात मात्र काही पेशी अशा असतात, की त्यांचं मुख्य काम चित्र बघणं नव्हे, उजेड मोजून मेंदूच्या घड्याळाला कळवणं आहे. काही अंध माणसांतही त्या शाबूत असतात. त्यामुळे सकाळचा पहिला चहा स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून पिण्यापेक्षा गॅलरीत पिणं, हा माझ्या मते घरातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

राईचा पर्वत कुठं तयार होतो

रात्री नीट झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी दुधाची पिशवी फुटली तरी रडू येतं. हे नुसतं वाटणं नाही. २००७मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी तरुण मंडळींना एक अख्खी रात्र जागवलं आणि मग त्रासदायक चित्रं दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका दिसला की बोंब ठोकणं हे त्याचं काम. न झोपलेल्यांमध्ये हा भाग झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त पेटला होता. शिवाय कपाळामागचा जो भाग त्याला ‘अरे, थांब जरा’ म्हणतो, त्याच्याशी असलेला संवाद सैल पडला होता. म्हणजे रागावणारा जागा आणि समजावणारा पेंगलेला. घरातल्या किती भांडणांचं मूळ आदल्या रात्रीत असेल, याचा विचार करून मला खरंच वाईट वाटतं.

झोप यावी म्हणून काय करावं? एक गंमतशीर उत्तर २०१८मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातून आलं. ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. निम्म्यांनी झालेली कामं लिहिली, निम्म्यांनी उद्या-परवा करायची. आपल्याला वाटेल, झालेल्या कामांची यादी समाधान देईल. झालं उलटं! पुढच्या कामांची यादी करणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले. आणि यादी जितकी बारकाव्यानं केलेली, तितकी झोप लवकर. ‘गॅस बुक करणं, दळण टाकणं, मामांना फोन’ हे एकदा कागदावर उतरलं की मनाला ते उराशी धरून बसावं लागत नाही.

पाच वाजताचा चहा रात्री दहाला

दिवसभर जागं राहिल्यानं मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि डोळे जड होतात. कॅफिन त्या रसायनाच्या जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, त्याची वर्दी तेवढी अडते. शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी पाचला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री दहाला अजून ड्युटीवर असतं. चहात कॉफीपेक्षा ते कमी, हे खरं. पण आपण चहा एकच कप कुठं घेतो?

वामकुक्षीची बाजू

दुपारी एक ते चार पुण्याला आणि सुशेगाद गोव्याला पुष्कळ बोलून झालंय. आता नासाचं ऐका. एका अभ्यासात नासानं लांब पल्ल्याच्या वैमानिकांना आळीपाळीनं ४० मिनिटांची विश्रांती दिली. त्यात ते सरासरी २६ मिनिटं झोपले, आणि त्यांची कामगिरी ३४ टक्क्यांनी तर तरतरी ५४ टक्क्यांनी सुधारली. दुपारची ती पेंगही नुसत्या वरणभातामुळे येत नाही. शरीराच्या घड्याळातच तिथं एक उतार आहे, जेवण टाळलं तरी तो येतो. फक्त अर्ध्या तासात उठायचं. गाढ झोपेत शिरून उठलं की डोकं जड होतं आणि चिडचिड वाढते.

मराठीला पोटातलं आधीच ठाऊक होतं

भीतीनं पोटात गोळा येतो. लेकराची आबाळ बघून पोटात तुटतं. गुपित पोटात ठेवतात, अपराध पोटात घालतात, आणि हसू आलं तर पोट धरून हसतात. आपल्या भाषेनं भावनांचा अर्धा संसार पोटातच मांडलाय.

शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यांत तयार होतं. मनाच्या स्वास्थ्याशी ज्याचं नाव जोडलं जातं, तेच हे रसायन. मात्र इथं एक घोटाळा नेहमी होतो, तो टाळू या. आतड्यातलं सेरोटोनिन मेंदूत चढत नाही, वाटेत रक्त आणि मेंदू यांच्यामधली चाळण आडवी येते. पोट मेंदूशी बोलतं ते इतर वाटांनी, आणि त्यातली मोठी वाट म्हणजे व्हेगस ही लांबलचक नस. तिच्यातले साधारण ८० टक्के तंतू खालून वर निरोप नेणारे आहेत. मेंदू पोटाला हुकूम देतो त्यापेक्षा पोटाचं ऐकतोच जास्त.

मग खाणं बदललं तर मन बदलतं का? ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी नैराश्यानं त्रासलेल्या ६७ जणांवर हे तपासलं. २०१७मध्ये निष्कर्ष आले. १२ आठवडे एका गटाला आहारतज्ज्ञांनी भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे, सुकामेवा, ऑलिव्ह तेल अशा जेवणाकडे वळवलं. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ गप्पागोष्टींची सोबत दिली. शेवटी आहाराच्या गटातले जवळजवळ एकतृतीयांश लोक नैराश्याच्या कक्षेतून बाहेर आले होते, सोबतीच्या गटातले ८ टक्के. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधायला नकोत. तरी उसळ, भाकरी, पालेभाजी आणि मूठभर शेंगदाणे असलेल्या ताटाकडे मी तेव्हापासून जरा जास्त आदरानं बघते.

संस्कृतातून नाव घेतलेला रेणू

१९९२मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत मेंदूत तयार होणारा एक रेणू सापडला. गांजातला मुख्य घटक मेंदूतल्या ज्या कुलपांना लागतो, त्याच कुलपांची ही शरीराची स्वतःची किल्ली. तिला नाव काय द्यावं? संशोधकांनी संस्कृत शब्द घेतला आणि रेणूचं नाव ठेवलं ‘आनंदामाइड’. जगभरच्या औषधशास्त्राच्या पुस्तकांत आपला ‘आनंद’ असा छापलेला आहे, हे वाचलं तेव्हा मला कोण आनंद झाला!

या रेणूचा आणि पायांचा संबंध आहे. भरपूर धावल्यावर जो हलका, तरंगल्यासारखा आनंद होतो, तो एंडॉर्फिनमुळे असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी पोचत नाही. २०२१मध्ये जर्मनीत ६३ जणांवर प्रयोग झाला. काहींना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध देऊन ४५ मिनिटं धावायला लावलं. आनंद तरीही झाला! आता संशय आनंदामाइड आणि त्याच्या भावंडांवर आहे.

धावणं जमत नसेल तर चालणंही पुष्कळ. २०११मध्ये अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० जणांवर वर्षभर अभ्यास झाला. एक गट आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालत होता, दुसरा फक्त शरीर ताणण्याचे व्यायाम करत होता. आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग वयाबरोबर आक्रसतो. चालणाऱ्यांमध्ये तो २ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटात थोडा घटला. सकाळी बागेत फेऱ्या मारणाऱ्या आजी-आजोबांना हे कुणीतरी जाऊन सांगायला हवं.

इथं क्षणभर थांबून एक गोष्ट गांभीर्यानं सांगायची आहे. १९९९मध्ये ड्यूक विद्यापीठात पन्नाशी उलटलेल्या, नैराश्य असलेल्या १५६ जणांवर व्यायाम, गोळ्या आणि दोन्ही एकत्र अशी तुलना झाली. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. पण सुरुवातीला गोळ्यांचा गुण लवकर आला होता. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला ‘फिरायला जात जा’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार आपल्याकडे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार होता, आणि त्यातले बहुतेक जण उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. हा आकडा फ्रिजवर दूधवाल्याच्या नंबरशेजारी असावा.

सगळ्यालाच ‘टेन्शन’ म्हणू नका

परीक्षा आली, टेन्शन. नवरा उशिरा आला, टेन्शन. पोर बोलत नाही, टेन्शन. या एका शब्दानं मराठीतला केवढा मोठा कुटुंबकबिला गिळलाय! मुलगी परगावी शिकायला गेली, त्या पहिल्या संध्याकाळी वाटते ती हुरहुर. आजारी मावशीला भेटायचं राहून गेलं, ती रुखरुख. वाढदिवसाचा फोन विसरला, ती चुटपुट. निकालाच्या आदल्या रात्री असते ती धाकधूक. नोकरी सोडावी की धरून राहावं, ही घालमेल. आणि दवाखान्याच्या बाकावर बसून होते ती तगमग.

हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट यांनी या बारकाव्याला नाव दिलंय, भावनांची ‘ग्रॅन्युलॅरिटी’. म्हणजे दळण किती बारीक आहे ते. ज्यांना आपल्या वाईट वाटण्यातले फरक नेमके सांगता येतात, ती माणसं ताणाच्या काळात तुलनेनं बरी सावरताना दिसतात. २००७मध्ये मॅथ्यू लिबरमन यांनी आणखी एक पाहिलं. रागावलेले, घाबरलेले चेहरे बघताना त्या भावनेला शब्द दिला, की आपला तो बोंब ठोकणारा अमिग्डाला शांत होतो. नाव ठेवलं की भूत लहान होतं.

आणि लिहून काढलं तर? १९८६मध्ये जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्यावर लगेच मुलं खिन्न झाली. पण ज्यांनी घटनेबरोबर आपल्याला काय वाटलं तेही लिहिलं, ती पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात इतरांपेक्षा कमी वेळा गेली.

हे वाचताना मला जातं आठवतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी साथीदारांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना, बायांनी त्यात माहेरची ओढ घातली, सासरचा जाच घातला, भावाची वाट पाहणं घातलं, गेलेलं लेकरू घातलं. त्यांच्या मनाचं माप कुण्या यंत्रानं घेतलेलं नाही. पण दुःखाला शब्द, शब्दांना लय, हातांना काम आणि समोर खुंटा धरून बसलेली जाऊ, इतकं सगळं एका जागी होतं. पिठाची गिरणी आली आणि बायांच्या खांद्यांची सुटका झाली, ते फार बरं झालं. ते बोलणं मात्र कुठं गेलं, हा प्रश्न मला सुटत नाही.

सहा श्वासांचं मिनिट

इटलीतले डॉक्टर लुचानो बर्नार्डी यांनी २००१मध्ये २३ जणांना लॅटिनमधून रोझरीची प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण दोन्हींत श्वास एकाच जागी येऊन थांबला: मिनिटाला साधारण सहा. एरवी आपण १२ ते २० घेतो. रक्तदाब सावरणाऱ्या शरीराच्या यंत्रणेची एक लय दहा सेकंदांची असते. श्वास तिच्याशी जुळला की हृदयाची गती सहज, लवचीकपणे वरखाली होते, आणि ही लवचीकता शांतपणाची खूण मानतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी तेर्स, म्हणजे रोझरीच, म्हणतात आणि शेजारच्या घरात दिवेलागणीला जप होतो. श्वासाच्या हिशेबात ती दोन घरं फार जवळची असावीत. श्वासाला असं यंत्रं लावून मोजायची कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं ते याच ध्यासातून.

८.२२ची लोकल

शिकागोत निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी लोकल ट्रेनच्या प्रवाशांना तीन गटांत वाटलं. एकानं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायचं, दुसऱ्यानं गप्प बसायचं, तिसऱ्यानं नेहमीसारखं. आधी लोकांना विचारलं, तर सगळ्यांचा अंदाज एकच: बोलायला लागलं तर प्रवास वाईट जाणार. २०१४मध्ये छापलेले निकाल नेमके उलटे होते. बोललेल्यांचा प्रवास सगळ्यात चांगला गेला.

मुंबईच्या लोकलला हे सांगायला नको. लेडीज डब्यात भाजी निवडली जाते, डोहाळजेवणं होतात. जेन्ट्समध्ये भजनी मंडळ टाळ वाजवत ठाण्यापासून दादर गाठतं. दसऱ्याला डब्याला तोरण लागतं. घामानं, गर्दीनं जीव नकोसा होतो हे खरंच आहे, त्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण कितीतरी बाया निवृत्त झाल्यावर नोकरीपेक्षा डब्यातल्या ग्रुपसाठी हळहळतात. २०१०मध्ये १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांचे माणसांशी धागे घट्ट, त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त होती.

गर्दीसुद्धा औषधी ठरू शकते, याचा पुरावा प्रयागच्या माघ मेळ्यातून आला. महिनाभर कडाक्याच्या थंडीत, गोंगाटात राहणाऱ्या ४१६ कल्पवाशांची तुलना घरीच राहिलेल्या १२७ जणांशी केली. २०१२च्या या अभ्यासात, परतलेल्यांना स्वतःची तब्येत आधीपेक्षा चांगली वाटत होती. आपल्या वारीत तर पायी चालणं, गाणं, उघड्यावरचा उजेड आणि ‘माउली’ म्हणणारी माणसं, सगळं एकाच वाटेवर आहे.

भराभर काही

पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशय काढलेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिक यांनी तपासल्या. निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली.

पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या १४३ विद्यार्थ्यांपैकी काहींनी तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दहा मिनिटांवर आणलं. त्यांचा एकटेपणा कमी झाला. २०१८ची गोष्ट. दहा मिनिटं, शून्य नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

१३ मार्च १९९५ला मुंबईच्या एका बागेत डॉ. मदन कटारिया पाच जणांना घेऊन हसायला उभे राहिले. काही दिवसांत विनोद संपले, मग विनाकारणच हसायचं ठरलं. ते हास्य क्लब आज जगभर आहेत. आणि ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी पुढे दाखवलं की चारचौघांत मनापासून हसल्यावर माणसाची वेदना सोसायची ताकद वाढते.

२१ दिवसांचं काय?

सवय २१ दिवसांत लागते, असं सगळे सांगतात. हा आकडा आला मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला ‘किमान’ वाटेत गळला आणि चेहऱ्याची जागा सवयींनी घेतली.

लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी हे नीट मोजलं. ९६ जणांनी रोजची एक नवी गोष्ट निवडली. कुणी जेवणाबरोबर पाणी, कुणी फळ, कुणी जेवणाआधी १५ मिनिटं धावणं. ती आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाचे १८च, कुणाचे गणितानं काढले तर २५४. पाण्याचा पेला लवकर अंगवळणी पडला, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. आणि मधे एखादा दिवस सुटला, त्यांचा आलेख? तो जिथं होता तिथूनच दुसऱ्या दिवशी पुढे चालू राहिला.